मनगटापर्यंत कोणाला येऊ द्यायचे?

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे; वय ५१. दिवाळीत मुलाने स्मार्ट घड्याळ भेट दिले आणि दहा मिनिटांत माझ्या अँड्रॉइड फोनला जोडूनही दिले. दुसऱ्या दिवसापासून मनगट सतत थरथरू लागले. शाळेचे, केंद्राचे, पालकांचे, माहेरचे असे सगळे व्हॉट्सअ‍ॅप गट, शिवाय खरेदीच्या जाहिराती आणि बातम्या. गणिताच्या तासाला मुले म्हणू लागली, "बाई, तुमचं घड्याळ हललं." वैतागून मी फोन आणि घड्याळ दोन्हीकडे 'डू नॉट डिस्टर्ब' लावून टाकले. त्याच आठवड्यात गुरुवारी ८२ वर्षांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. त्यांना सांभाळणाऱ्या मावशींनी मला फोन केला, मग व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप ठेवला. मला ते मधल्या सुट्टीत कळले. फोन शाळेच्या ऑफिसमधल्या कपाटात असतो आणि माझा वर्ग मैदानापलीकडच्या नव्या इमारतीत आहे. सुदैवाने सासूबाईंना फक्त मुका मार लागला. खात्यातून विम्याचा हप्ता गेल्याचा बँकेचा मेसेजही मला दोन दिवसांनी दिसला. आता मी घाबरून सगळे पुन्हा चालू केले आहे. सगळे चालू ठेवले की जीव नकोसा होतो, सगळे बंद केले की जीव टांगणीला लागतो. नेमके काय चालू ठेवावे? घड्याळाचे अ‍ॅप माझे मेसेज वाचते, ते सुरक्षित आहे का? आणि रात्री घड्याळ घालून झोपावे का?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

गुरुवारच्या प्रसंगाचा सल तुमच्या पत्राच्या ओळीओळीत जाणवतो, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. मावशींचा फोन तुम्हाला कळला नाही याचे कारण तुमचा निष्काळजीपणा नव्हे, आणि केवळ 'डू नॉट डिस्टर्ब' हेही नव्हे. तुमचे घड्याळ फोनला ब्लूटूथने जोडलेले आहे. हा दुवा मोकळ्या जागेत साधारण दहा मीटरपर्यंत टिकतो आणि मध्ये भिंती आल्या की त्याहूनही लवकर तुटतो. फोन ऑफिसच्या कपाटात आणि तुम्ही मैदानापलीकडे असाल, तर सगळ्या सेटिंग्ज अचूक लावूनही त्या दिवशी तुमचे मनगट शांतच राहिले असते, कारण फोन वाजतो आहे हे घड्याळाला कळण्याचा मार्गच उरला नव्हता. त्यामुळे पुढे मी जे काही सुचवणार आहे त्याची पहिली अट अशी की, वर्गात जाताना फोन तुमच्या पर्समध्ये किंवा टेबलाच्या खणात, आवाज बंद करून, सोबत असावा. वर्गात फोन नेऊ नये असा शाळेचा दंडक असेल तर मुख्याध्यापकांना घरची परिस्थिती सांगा आणि फोन खणातून बाहेर न काढण्याच्या बोलीवर परवानगी घ्या. घरी ८२ वर्षांचे आजारी माणूस असताना ही मागणी अवाजवी नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे 'सगळे चालू' आणि 'सगळे बंद' या दोन टोकांमध्ये तुम्ही जशा अडकलात तसे बहुतेक लोक अडकतात, आणि दोन्ही टोके त्रासाचीच आहेत याला अभ्यासाचाही दुजोरा आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, एकाग्रतेचे काम करणाऱ्या माणसाने फोनला हात लावला नाही, काय आले आहे ते पाहिलेही नाही, तरी नुसती सूचना (नोटिफिकेशन) आल्याचे जाणवल्याने त्याच्या चुका वाढतात. म्हणजे 'मी बघतच नाही, नुसते थरथरते' असे म्हणून सुटका होत नाही. गणिताची रीत समजावताना मनगटाला बसलेला तो हलका धक्का तुमचा धागा तोडतोच. उलट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात काही लोकांना सूचना दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा दिल्या, तर काहींच्या पूर्ण बंद केल्या. तीन वेळा सूचना मिळणाऱ्यांना अधिक बरे वाटले. ज्यांच्या पूर्ण बंद होत्या त्यांची, आपले काहीतरी हुकते आहे ही धास्ती वाढली. तुम्हाला त्या आठवड्यात जे वाटले ते हेच.

माझे स्पष्ट मत असे आहे की फोन आणि मनगट या दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांना एकच नियम लावू नये. फोन म्हणजे घराची ओसरी. तिथे पोस्टमन, वाणी, शेजारी, ओळखीचे-अनोळखी सगळे येऊन थांबले तरी चालते, आपण आपल्या सवडीने त्यांच्याकडे बघतो. मनगट हे आपले अंग आहे. भर वर्गात येऊन हाताला हात लावावा, एवढा अधिकार फार थोड्यांना असतो. तुमच्या बाबतीत ती माणसे मोजून पाच-सहा निघतील आणि त्यांचा निरोप फोन कॉलने यावा, बाकी काहीही मनगटापर्यंत येऊ नये, असे मी सुचवतो. घड्याळ जोडताना मुलाने हौसेने सगळ्या अ‍ॅपना होकार दिला असणार. घड्याळ विकत घेतल्यावर बहुतेक घरांत असेच होते.

आता हे घडवायचे कसे, यासाठी सूचनेचा प्रवास समजून घेऊ. व्हॉट्सअ‍ॅप किंवा बँकेचे अ‍ॅप आपली सूचना आधी फोनच्या पडद्यावर मांडते. तुमच्या घड्याळाचे जे अ‍ॅप फोनमध्ये आहे, त्याला या मांडलेल्या सूचना वाचण्याची खास परवानगी दिलेली असते. ते सूचना वाचते आणि ब्लूटूथने घड्याळाकडे धाडते. म्हणून फोनवर जी सूचना मांडलीच गेली नाही ती घड्याळावर कधीच येणार नाही, पण फोनवर जी फक्त आवाज न करता आली ती मात्र घड्याळावर थरथरू शकते. अँड्रॉइडमध्ये सूचना 'सायलेंट' करणे आणि बंद करणे यांत फरक आहे. सायलेंट केलेली सूचना फोनवर मांडली जातेच, नुसता तिचा आवाज जातो. आणि स्वस्त घड्याळांची अनेक अ‍ॅप हा फरक न ओळखता तीही पुढे पाठवतात. 'फोन तर गप्प आहे, मग हात का हलतो?' या कोड्याचे उत्तर बहुधा इथे सापडते. फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' असूनही घड्याळ हलत राहते, त्याचेही हेच कारण. पुष्कळ घड्याळांत फोनचा हा मोड आणि घड्याळाचा मोड एकमेकांशी बांधलेले नसतात. ते दोन्हीकडे स्वतंत्रपणे लावावे लागतात.

त्यामुळे क्रम असा ठेवा की आधी फोन आवरायचा, मग घड्याळ. फोन आवरायला एका रविवारचा अर्धा तास पुरतो. सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' या भागात गेलात की अ‍ॅपची यादी मिळते आणि अलीकडे कोणी सूचना पाठवल्या तेही दिसते. कंपनीगणिक या भागांची नावे आणि जागा थोड्या बदलतात, पण मांडणी हीच असते. खरेदी, खेळ, बातम्या, कर्ज देणारी अ‍ॅप, रेसिपीची अ‍ॅप यांचे बटण सरळ बंद करा. त्यातले एखादे अ‍ॅप कामाचे असेल, समजा मागवलेल्या वस्तूची खबर हवी आहे पण 'आज भव्य सवलत' नको आहे, तर अ‍ॅपच्या नावावर टिचकी मारून आत जा. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपच्या सूचनांचे वेगवेगळे प्रकार आत मांडलेले असतात आणि एकेक प्रकार स्वतंत्रपणे बंद करता येतो. ऑर्डरचा प्रकार चालू ठेवून जाहिरातीचा बंद करायचा. याहून सोपी युक्ती म्हणजे नको असलेली सूचना आली की ती सरकवून न टाकता तिच्यावर बोट दाबून धरा. तीच सूचना कायमची बंद किंवा सायलेंट करण्याचा पर्याय तिथल्या तिथे समोर येतो. आठवडाभर ही सवय ठेवलीत तर उरलेला कचरा आपोआप निघून जाईल. फोनमध्ये २०२२ ची अँड्रॉइड १३ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर नवे अ‍ॅप घेतल्यावर ते सूचना पाठवण्याची परवानगी आधी मागते. घाईघाईने 'अलाउ' म्हणू नका. नकार दिल्याने अ‍ॅप वापरण्यात अडचण येत नाही आणि पुढे गरज भासली तर होकार देता येतो.

याच भागात 'नोटिफिकेशन हिस्टरी' नावाचा एक पर्याय आहे. तो आजच चालू करून ठेवा. मागच्या २४ तासांत आलेल्या, चुकून सरकवल्या गेलेल्या सूचनाही तिथे पाहता येतात. घाबरून सगळे चालू करण्याची वेळ तुमच्यावर आली ती हुकलेले परत सापडत नाही या भीतीने. ती भीती या एका बटणाने बरीच हलकी होईल.

व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न मात्र बटणाने सुटणारा नाही, कारण तिथे माणसे गुंतलेली आहेत. माहेरचा गट, सोसायटीचा गट, जुन्या विद्यार्थ्यांचा गट हे 'म्यूट' करून 'ऑलवेज' निवडा. यात कोणाला कळतही नाही आणि कोणाचा अपमानही होत नाही. कोणी आपल्या मेसेजवर हृदय किंवा अंगठा टाकला की येणारी सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये वेगळी बंद करता येते, तीही करा. खरी अडचण केंद्राच्या आणि शाळेच्या गटाची आहे. बाराला माहिती मागवायची आणि दोनपर्यंत हवी म्हणायचे, ही पद्धत शिक्षकांना किती जाचक होते याची पत्रे या सदराकडे वरचेवर येतात, आणि माझी सहानुभूती पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे; तिसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवण्यापेक्षा तक्ता भरणे अधिक तातडीचे असूच शकत नाही. तरीही तो गट तुम्ही बंद करू शकत नाही हेही खरे आहे. म्हणून तो गट म्यूट करा, पण दिवसातून तीन ठरलेल्या वेळी उघडा: शाळा भरण्यापूर्वी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. म्यूट केलेल्या गटातही कोणी तुमच्या नावाने हाक मारली किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिले तर त्याची सूचना तुम्हाला मिळते. हे केंद्रप्रमुखांना आणि मुख्याध्यापकांना समजावून सांगा आणि विनंती करा की खरोखर तातडीचे असेल तेव्हा नाव घेऊन लिहावे किंवा सरळ फोन करावा. दोन-चार शिक्षकांनी मिळून ही विनंती केली तर ती अधिक सहज मान्य होते, असा माझा अनुभव आहे. पालकांच्या गटावर मात्र तुमचीच सत्ता चालते: सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर उत्तर मिळेल, मूल आजारी असेल किंवा घ्यायला यायचे असेल तर शाळेत फोन करावा, असे गटाच्या वर्णनातच लिहून ठेवा.

बँकेचे मेसेज हा दुसरा भाग, ज्यावर मी आग्रही आहे. व्यवहार झाल्याचा बँकेचा एसएमएस कधीही बंद करू नये आणि दोन दिवस न वाचता राहू देऊ नये. तुमच्या वेळी तो विम्याचा हप्ता निघाला, पण तो अनोळखी व्यवहार असता तर दिवस मोजले गेले असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणीतरी खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर त्याच्यावर नुकसानीचा भार येत नाही. चार ते सात दिवस लावले तर काही भार त्याच्यावर येतो, आणि त्याहून उशीर झाला तर सगळे बँकेच्या धोरणावर अवलंबून राहते. म्हणजे तो छोटासा मेसेज तुमच्या हक्काचे घड्याळ सुरू करतो. असा व्यवहार दिसला तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच वेळी कळवावे. तरीसुद्धा हा मेसेज मनगटावर यावा असे मी म्हणणार नाही. तास चालू असताना तो कळून तुम्ही काही करणार नाही. मधल्या सुट्टीत वाचला तरी पुरेसा आहे. फोनवर मात्र त्याला स्वतःचा वेगळा आवाज द्या आणि तो जाहिरातींच्या गर्दीत हरवणार नाही असे पाहा. यासाठी एक खूण उपयोगी पडते: २०२५ पासून अशा मेसेजच्या पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर जोडलेले असते. 'पी' असेल तर जाहिरात, 'एस' असेल तर सेवा, 'टी' असेल तर व्यवहार आणि 'जी' असेल तर सरकारी. शेवटी 'पी' असलेले पाठवणारे बिनदिक्कत गप्प करा. जाहिरातींचा पूरच थांबवायचा असेल तर १९०९ या क्रमांकावर आपल्या नंबरची नोंद करता येते.

आता फोन कॉल. 'डू नॉट डिस्टर्ब' हे सगळे दरवाजे लावून घेण्याचे बटण आहे असा अनेकांचा समज असतो, पण त्यात ठरावीक माणसांसाठी दार उघडे ठेवता येते. कॉन्टॅक्ट्समध्ये मावशी, यजमान, मुलगा, नणंद, शेजारच्या काकू आणि तुमचे डॉक्टर यांच्या नावांपुढची चांदणी लावा आणि 'डू नॉट डिस्टर्ब'च्या सेटिंगमध्ये फक्त चांदणी लावलेल्यांचे कॉल येऊ द्या. तिथेच 'रिपीट कॉलर्स' नावाचा पर्याय असतो. तो चालू असला की एकाच नंबरावरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो चांदणी नसली तरी वाजतो. हा पर्याय आवर्जून चालू ठेवा. माझे वडील काही वर्षांपूर्वी रुग्णालयात होते तेव्हा मीही निवडक नावांनाच मुभा दिली होती, आणि रुग्णालयाचा फोन नेमका लँडलाइनवरून आला, जो नंबर माझ्या यादीत कुठेच नव्हता. त्या दिवसापासून मी घरच्या आजारी माणसाशी संबंध असलेले सगळे नंबर, म्हणजे दवाखान्याची लँडलाइन, औषधाचे दुकान, रिक्षावाले दादा, आधीच साठवून त्यांना चांदणी लावतो.

हे झाले तुमच्या बाजूचे. मावशींच्या बाजूचे काम त्याहून महत्त्वाचे आहे. त्यांना समोर बसवून सांगा की तातडीचे असेल तर साधा फोन करायचा, लागला नाही तर लगेच दुसऱ्यांदा करायचा, आणि तरीही उचलला नाही तर शाळेच्या किंवा मुख्याध्यापकांच्या नंबरवर करायचा. व्हॉट्सअ‍ॅप कॉल आणि बोलून ठेवलेला निरोप यांवर विसंबायचे नाही, कारण ते इंटरनेटवर अवलंबून असतात आणि पुष्कळ घड्याळे ते नीट ओळखतही नाहीत. हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. मग एखाद्या दिवशी शाळेतूनच मावशींना निरोप देऊन तुम्हाला फोन करायला लावा आणि मनगट थरथरते का ते वर्गात उभ्या राहून पाहा. ही तालीम एकदा केल्याशिवाय तुमच्या मनाला स्वस्थता यायची नाही, आणि सेटिंगमध्ये काही राहिले असेल तर तेही तेव्हाच उघड होईल.

शाळेच्या वेळेसाठी फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' रोज हाताने लावू नका. त्याचे वेळापत्रक ठरवून देता येते. सोमवार ते शुक्रवार शाळेची एक वेळ आणि शनिवारी सकाळच्या शाळेची दुसरी, अशी दोन वेळापत्रके करून टाका. हाताने लावलेले बटण काढायला विसरणे हे पूर्ण बंद पडलेल्या फोनइतकेच घातक असते.

एवढे झाल्यावर घड्याळाकडे वळा. घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये सूचनांची यादी असते. त्यातले कॉल सोडून सर्व बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा. तुमच्यासारख्या घड्याळात बहुधा व्हॉट्सअ‍ॅप संपूर्ण चालू किंवा संपूर्ण बंद एवढेच करता येते, कोणता गट हवा आणि कोणता नको हे त्याला सांगता येत नाही, म्हणून इथे मी तडजोड सुचवत नाही. घड्याळातूनच बोलण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा, नाहीतर वर्गात मावशींचा आवाज मनगटातून सगळ्यांना ऐकू येईल. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: 'फार वेळ बसलात, उठा', 'पाणी प्या', 'आजची पावले पूर्ण झाली' या सूचना फोनवरून येतच नाहीत, त्या घड्याळाच्या स्वतःच्या असतात. दिवसभर उभ्याने शिकवणाऱ्या बाईंना 'उठा' असे सांगण्याची गरज नाही. त्या घड्याळाच्या अ‍ॅपमधल्या आरोग्याच्या भागात जाऊन बंद कराव्या लागतील.

फोनची बॅटरी वाचवणारी व्यवस्था पुष्कळदा घड्याळाच्या अ‍ॅपला पाठीमागे चालू देत नाही, आणि मग घड्याळ जोडलेले दिसूनही कॉल पोचत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या भागात जाऊन त्याला निर्बंधमुक्त करा, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' असे वेगळे बटण असते, तेही चालू करा. घड्याळात 'फोनशी संपर्क तुटल्यास कळवा' असा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. फोन ऑफिसात विसरून तुम्ही वर्गात गेलात तर तो एकच धक्का तुम्हाला परत वळवेल.

तुमचा सुरक्षिततेचा प्रश्न योग्य आहे आणि मला त्याचे समाधान वाटले, कारण हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. सूचना वाचण्याची परवानगी म्हणजे फोनवर झळकणारा प्रत्येक शब्द, ओटीपीसकट, वाचण्याची परवानगी. घड्याळाचे अ‍ॅप कंपनीने सांगितलेले, प्ले स्टोअरवरून घेतलेले असेल तर ही परवानगी देण्यावाचून गत्यंतर नसते, कारण तिच्याशिवाय सूचना घड्याळापर्यंत जातच नाहीत. पण सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन अ‍ॅक्सेसच्या भागात जाऊन ही परवानगी आणखी कोणाकोणाकडे आहे ते एकदा तपासा. पूर्वी वापरलेल्या फिटनेस पट्ट्याचे अ‍ॅप, कोणीतरी लिंक पाठवून उतरवायला लावलेले अ‍ॅप, फोन 'स्वच्छ' करून देणारे अ‍ॅप तिथे दिसले तर परवानगी काढा आणि अ‍ॅपही काढून टाका. ओटीपी मनगटावर दिसण्याची काहीच आवश्यकता नाही. एसएमएस घड्याळावर बंद केलेत की तो प्रश्न मिटतो. फोनच्या कुलूपबंद पडद्यावर मजकूर लपवला म्हणजे तो घड्याळावरही लपतो असे गृहीत धरू नका. अँड्रॉइडच्या पंधराव्या आवृत्तीपासून ओटीपी असलेल्या सूचनांचा मजकूर अनेक अ‍ॅपपासून झाकला जातो, त्यामुळे कधी घड्याळावर मजकुराऐवजी तो लपवल्याची ओळ दिसली तर तो बिघाड समजू नये.

आवराआवरीच्या भरात दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. पहिली, सरकारकडून येणारे आपत्तीचे इशारे. २०२३ मध्ये मोठ्याने वाजणाऱ्या त्या चाचणी-संदेशांनी अनेकजण दचकले होते आणि काहींनी ते बंद करून टाकले. तुम्ही केले असतील तर पुन्हा चालू करा. दुसरी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे अ‍ॅप, जे आसपास वीज पडण्याची शक्यता असल्यास कळवते. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात दुपारी मुलांना मैदानावर सोडण्याआधी शिक्षकाच्या फोनवर हा इशारा यायला हवा. मनगटावर कॉलव्यतिरिक्त आणखी एखादी गोष्ट येऊ द्यायचीच असेल, तर पावसाळ्यापुरते मी या अ‍ॅपला होकार देईन.

ज्या वाचकांकडे आयफोन आणि अ‍ॅपल वॉच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: तिथे फोन उघडा असेल तर सूचना फोनवर दिसते आणि फोन कुलूपबंद असेल तर घड्याळावर जाते. फोनमधल्या 'वॉच' या अ‍ॅपच्या नोटिफिकेशन्सच्या भागात एकेका अ‍ॅपची नक्कल घड्याळावर यावी की नाही हे ठरवता येते. 'फोकस' (आयफोनमधली 'डू नॉट डिस्टर्ब'सारखी सोय) फोनवर लावला की तो घड्याळावरही लागतो, आणि दुसऱ्यांदा येणारा कॉल तिथे तीन मिनिटांच्या आत यावा लागतो.

राहिला रात्रीचा प्रश्न. झोपेची नोंद ठेवण्याची हौस नसेल तर रात्री घड्याळ घालणे आवश्यक नाही. पण पहाटे लवकर उठायचे असेल आणि गजराने घरच्यांची झोप मोडू नये असे वाटत असेल, तर मनगटावरचा थरथरणारा गजर फार सुखाचा आहे. तो गजर घड्याळातच लावा, फोनमधल्या गजरावर विसंबू नका. रात्री दुवा तुटला तरी घड्याळातला गजर वाजतो. रात्री दहा ते पहाटे पाच घड्याळावरही 'डू नॉट डिस्टर्ब'चे वेळापत्रक लावा आणि हात उचलताच पडदा उजळण्याची सोय त्या वेळेपुरती बंद करा, नाहीतर कुशीवर वळलात की खोलीत उजेड पडेल. मुलगा आणि नणंद यांच्यासाठी चांदणीची मुभा फोनवर आहेच, म्हणून फोन उशाशी नको, पण त्याच खोलीत असू द्या. आणि घड्याळ चार्जिंगला रात्री न लावता संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी लावा. त्या वेळी तुम्ही घरातच असता, सासूबाई हाकेच्या अंतरावर असतात, आणि कणकेचा हातही घड्याळाला लागत नाही.